बाजाराच्या दिवशीचं इंटरनेट

आमच्या घरी इंटरनेट आठवड्यातून एकदा यायचं, आणि तेही पिशवीतून. खाली मीठ, त्यावर गूळ आणि चहापत्ती, आणि सगळ्यात वर टॉवेलात गुंडाळलेले छापील कागद. बा हिंगोलीचा बाजार करून आला की आधी तो टॉवेल सोडायचा, मग डोक्यावरचा पटका. माझ्या भाचीला हे सांगितलं की ती खो खो हसते. तिला वाटतं, मावशी थापा मारते. मी तिला हसू देते. समजावून सांगायला गेलं की माझाच आवाज चढतो.

दोन हजार सालानंतरची, मोबाइल नवा नवा होता तेव्हाची ही गोष्ट. आमचा तांडा औंढ्यापासून आत, माळाच्या पायथ्याला. तिथं एकच मोबाइल होता, नायकाच्या पोराकडे. नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख. सोयरीक, भांडण, सण, सगळं त्याच्या शब्दानं चालायचं. त्याच्या पोराला फोन करायचा असला की तो माळावर चढायचा, रेंज सापडेपर्यंत गोल गोल फिरायचा, आणि सापडली की एवढ्या मोठ्यानं बोलायचा की फोन नसता तरी चाललं असतं, असं याडी म्हणायची. याडी म्हणजे आई. घरात आमची गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बाहेर मराठी आणि पुस्तकात इंग्रजी. या तिसरीनंच माझा जीव नकोसा केला होता.

दहावीपर्यंत मी मराठी शाळेत शिकले. बल, त्वरण, घर्षण ही माझ्या घरची माणसं होती. औंढ्याच्या कॉलेजात सायन्स घेतलं आणि एका उन्हाळ्यात सगळ्यांची नावं बदलली. त्यात फिजिक्सला सर नव्हते. जागा रिकामी आहे, भरली जाईल, असं पहिल्या दिवशी सांगितलं होतं. दुसरे एक सर अधूनमधून येऊन धडा वाचून दाखवायचे, आणि शंका विचारली की म्हणायचे, ते पुढे येईल. ते कधीच पुढे आलं नाही. ज्यांच्या घरची ऐपत होती ती पोरं नांदेड-लातूरला क्लासला निघून गेली. राहिलेले आम्ही खिडकीतून नागनाथाला जाणारे यात्रेकरू बघत बसायचो.

मला इंजिनिअर व्हायचं होतं. काहून, असं बानं एकदा विचारलं होतं, आणि मला सांगता आलं नव्हतं. खरं कारण साधंच होतं. तांड्याचा विजेचा डीपी जळाला की अंधारात दिवसच्या दिवस जायचे, आणि मग एक माणूस यायचा. तो पेटी उघडायचा, आत काहीतरी करायचा, आणि सगळा तांडा त्याच्याभोवती हात बांधून उभा राहायचा. त्या पेटीत काय आहे ते मला बघायचं होतं. कुणापुढे हात न बांधता बघायचं होतं.

पण घरात दुसरंच शिजत होतं. वाशीमकडच्या एका तांड्यातून मला मागणी आली होती. माणसं वाईट नव्हती, हीच अडचण. वाईट असती तर बाला नाही म्हणणं सोपं गेलं असतं. शेवटी नायकासमोर बसून बानं त्यांना शब्द दिला, की पोरीचा सरकारी यादीत इंजिनिअरिंगला नंबर लागला तर ती शिकेल, नाही लागला तर दिवाळीनंतर ती तुमची. पाहुण्यांनी मान डोलावली. त्यांना वाटलं असेल, तांड्यावरच्या पोरीचा कुठला नंबर लागतोय. माझ्या आयुष्याचा सौदा असा चहाच्या कपावर झाला आणि मी चुलीजवळ बसून तो ऐकला. मला राग आला नाही. उलट बा माझ्या बाजूनं एवढं बोलला याचंच अप्रूप वाटलं. आज त्या अप्रुपाचा राग येतो.

इंटरनेट घरात आलं ते झेरॉक्सच्या निमित्तानं. एका मैत्रिणीच्या भावाचं जुनं गाइड मिळालं होतं, त्यातली काही पानं झेरॉक्स करायला मी बाच्या हाती दिली. गाइडमध्ये एक कागद राहिला होता, त्यावर मला न सुटलेले प्रश्न मी उतरवून ठेवले होते. हिंगोलीत बसस्टँडच्या मागे एक दुकान होतं. झेरॉक्स, एसटीडी आणि पडद्याआड कॉम्प्युटर. चालवणारा तरुण होता, सायन्स शिकलेला. त्यानं तो कागद वाचला आणि बाला म्हणाला, मामा, हे मला तर काही येत न्हाई, पण नेटवर टाकून बघू. बाला वाटलं, नेट म्हणजे कुठलं तरी ऑफिस असेल. त्यानं विचारलं, सायब, उत्तर कधी भेटल? दुकानदार म्हणाला, पुढच्या बाजारी या.

बाला हे फार बराबर वाटलं. चप्पल शिवायला टाकली तरी पुढच्या बाजारी मिळायची, सोनाराकडं दिलेला डाग पुढच्या बाजारी, वकिलाचा निरोप पुढच्या बाजारी. मग नेटचंही तसंच असणार. पुढच्या बाजारी तो गेला आणि खरंच कागद घेऊन आला. माझ्या प्रत्येक प्रश्नाला कुणी ना कुणी उत्तर दिलं होतं. सांगलीचा एक मुलगा, जळगावची एक मुलगी, पुण्याचा कुणी, असे बारावीचे विद्यार्थी एका साइटवर गट करून एकमेकांच्या शंका सोडवत. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे. मला आधी ते वाचताच येईना. मग मोठ्यानं वाचलं आणि आवाजातून मराठी निघाली. याडी भाकरी थापायची थांबली आणि तिनं विचारलं, कोणाशी बोलून राहिली?

गटाचा एक रिवाज होता. ज्यानं एक प्रश्न विचारला त्यानं दुसऱ्याच्या एका प्रश्नाला उत्तर द्यायचं. दुकानदारानं ते बाला समजावलं, बानं मला. म्हणजे आता बाजाराला जाताना पिशवीत माझे प्रश्नही जाणार आणि उत्तरंही. मी ती स्वच्छ अक्षरात लिहायची, दुकानदार टाइप करायचा. वीज नसली की बा दुकानाच्या पायरीवर बसून राहायचा. भारनियमनाचे दिवस, कधी दुपार तिथंच जायची. जीपवाला आमच्याच तांड्याचा, तो हॉर्न वाजवून वाजवून दमायचा, पण कागद हातात पडल्याशिवाय बा उठायचा नाही. दुकानदाराला तो कधी मेथीची जुडी, कधी हुरडा न्यायचा. दुकानदार पानामागं पैसे मागायचा नाही, तेव्हा बाला तेवढं तरी करावंच लागायचं.

इतर पोरं रोज भेटत. सकाळी प्रश्न, दुपारी उत्तर, संध्याकाळी थट्टा. माझ्याकडे आठवडाभराचं सगळं एकदम यायचं, थट्टेसकट. एखाद्याचं भांडण पहिल्या पानावर लागायचं आणि तिसऱ्या पानावर मिटायचं, आणि मी तिसऱ्या पानापर्यंत काळजीत. पण आठवडाभर थांबायचं म्हटल्यावर प्रश्न नीट विचारावा लागतो. अर्धवट विचारला तर उत्तर येतं की तुला नेमकं काय हवंय, आणि मग आणखी एक बाजार जातो. म्हणून मी विचार करकरून प्रश्न लिहायची, आणि लिहिता लिहिता निम्मे आपोआप सुटायचे. फिजिक्स मला सरांनी शिकवलं नाही, या थांबण्यानं शिकवलं.

एकदा कुणीतरी विचारलं होतं की टॉर्क म्हणजे नक्की काय, व्याख्या पाठ आहे पण डोक्यात शिरत नाही. मी जात्याचं उदाहरण लिहिलं. खुंटा जात्याच्या वरच्या पाळीच्या कडेला का बसवतात, मधोमध बसवला तर दळणारीचे हात का भरून येतील, असं सगळं. पुढच्या बाजारी उत्तर आलं, की भाऊ, एकदम कळलं. त्याखाली पुण्याच्या मुलानं विचारलं होतं, भाऊ, तू दळण दळतोस का? खाली सगळ्यांचं हसू.

भाऊ मीच होते. दुकानदारानं माझं खातं उघडताना माझं नाव टाकलं नव्हतं. त्यानं बाला सांगितलं होतं, "मामा, पोरीचं नाव नेटवर नको. फोटो न्हाई, नंबर न्हाई, काईच टाकायचं न्हाई. पलीकडं कोण कसा हाय, आपल्याला काय ठाव." आणि तालुक्याच्या देवाचं नाव टाकून पुढे काही आकडे जोडले. त्या नावाचा मुलगाच असणार, म्हणून मी सगळ्यांचा भाऊ झाले. मला गंमत वाटायची. त्या कागदांत मी मोकळी होते. मला कुणी मागणी घालत नव्हतं, माझं वय कुणी मोजत नव्हतं. आठवड्यातून एकदा येणारा, जात्यावर फिजिक्स शिकवणारा औंढ्याचा भाऊ, एवढीच माझी ओळख होती आणि ती मला पुरत होती.

दुकानदाराचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. त्याच्या जागी मी असते तर तेच केलं असतं. तो सज्जन होता, बा सज्जन होता, पाहुणेसुद्धा सज्जन होते. एवढ्या सज्जनांच्या मधोमध माझं वाटोळं झालं.

बारावी झाली. चांगली गेली. सीईटी झाली, तीही चांगली गेली. फॉर्म भरायला बा मला नांदेडला घेऊन गेला. काउंटरपलीकडे एक बाई कॉम्प्युटरवर भरत होत्या आणि मला त्या यंत्राची फक्त पाठ दिसत होती. दीड-दोन वर्षं जे माझ्या उशाला कागद होऊन येत होतं त्याचं तोंड मी तेव्हाही पाहिलं नाही. पावती मिळाली, त्यावर माझा अर्ज क्रमांक. बानं ती पावती पेटीत, याडीच्या चांदीशेजारी ठेवली. यादी नेटवर लागेल, लागली की थोड्याच दिवसांत कॉलेजात जाऊन हजर व्हायचं, नाहीतर जागा जाते, हे त्या बाईंनी दोनदा सांगितलं. बानं ते जीपवाल्याला, नायकाला, याडीला, सगळ्यांना सांगितलं. कुणी विसरलं नव्हतं. हे मुद्दाम लिहिते, कारण नंतर लोक म्हणाले की तांड्यावरच्या अडाणी माणसांना काय कळतंय.

श्रावण लागला. बा प्रत्येक बाजारी पेटीतून पावती काढून न्यायचा, दुकानदार क्रमांक टाकून बघायचा, यादी लागलेली नसायची, पावती पुन्हा पेटीत यायची. तारीख पुढे गेली, पुन्हा पुढे गेली. गटातली सगळी पोरंही तेच म्हणत होती. त्यांनी आपापले अर्ज क्रमांक गटावर टाकून ठेवले होते, म्हणजे यादी लागली की जो आधी बघेल तो सगळ्यांचे बघून सांगेल. माझा क्रमांक टाकायचा नव्हता. पोरीचं काहीच टाकायचं नाही असं ठरलं होतं ना.

आणि तीज आली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. श्रावणात आमच्या लग्न न झालेल्या मुली टोपल्यांत काळी माती भरून गहू पेरतात, रोज पाणी घालतात, गाणी म्हणतात. गहू उजेडापासून दूर पिवळाजर्द वाढतो. शेवटच्या दिवशी तो उपटून बापाच्या, भावाच्या पटक्यात खोवायचा आणि टोपल्या पाण्यात सोडायच्या. तेवढे दिवस मुलींनी टोपल्या मागे ठेवून तांड्याबाहेर जायचं नसतं, निदान आमच्या तांड्यात तरी नसतं. जी मुलगी पुढच्या वर्षी सासरी असणार ती शेवटच्या दिवशी सगळ्यात जास्त रडते, आणि सगळ्या बाया तिच्या गळ्यात पडून रडतात. मीही पेरला होता. मला वाटत होतं, नंबर लागला तरी मी जाणार, नाही लागला तरी जाणार. काहीही झालं तरी ही माझी शेवटची तीज.

टोपल्या सोडायचा दिवस बाजाराच्याच दिवशी आला. सकाळी बा पावती काढून उभा राहिला, जाऊन येतो म्हणाला. पण जाणार कशानं? जीपवाल्याची पोरगीही तिजेत होती, जीप उभी होती, तिच्या टपावर पोरं चढून ढोल बडवत होती. याडी म्हणाली, पोरीची शेवटची तीज हाय, तिनं गहू कोणाच्या पटक्यात खोवायचा? बानं पावती परत पेटीत ठेवली. यादी इतके दिवस लांबली होती, आणखी एक दिवस लांबली तर काय होणार होतं.

दुपारी मी त्याच्या लाल पटक्यात गहू खोवला. बा रडला. मीही रडले, बाया रडल्या, विहिरीवर टोपल्या सोडल्या, गोडधोड खाल्लं. मी त्या दिवशी खूप सुखात होते. मी गाणं म्हणत होते आणि तिकडे नांदेडच्या एका कॉलेजात माझ्या नावापुढची जागा दुपारभर रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बा म्हणाला, चल, आता तूबी चल, टोपल्या सुटल्या. बाजार नव्हता, म्हणून रस्त्यापर्यंत चालत गेलो, एसटी धरली. त्याच्या पटक्यात गहू तसाच होता. तो आपोआप गळेपर्यंत ठेवायचा असतो. दुकानात मी पहिल्यांदाच पाय ठेवत होते. दुकानदार मला बघून ओशाळल्यासारखा हसला. इतके दिवस माझं अक्षर तो वाचत होता, मला पाहिलं नव्हतं. त्यानं पावती घेतली, आम्हाला पडद्याआड नेलं, मला खुर्ची दिली. मग यंत्र चालू झालं आणि मी शेवटी त्याचं तोंड पाहिलं.

यादी आधीच्या बाजाराच्या दुसऱ्याच दिवशी लागली होती. त्यानं आकडे टाकले. पान यायला वेळ लागला. पान आलं. माझं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, इंग्रजीत. पुढे कॉलेज, शाखा इलेक्ट्रिकल. डीपीची पेटी मला आतून दिसली, खरंच दिसली, क्षणभर. दुकानदार खालच्या ओळी वाचत गेला आणि त्याचा चेहरा उतरला. हजर व्हायची मुदत काल संध्याकाळपर्यंत होती.

बानं विचारलं, लागला का? तो म्हणाला, लागला मामा, पण काल जायचं होतं. बा म्हणाला, काल तर तीज होती.

दुकानदारानं मग आमचा गट उघडला, कुणी मुदतवाढीचं काही लिहिलंय का बघायला. त्यात आठवडाभर माझ्याच नावानं हाका होत्या. भाऊ, तुझा अर्ज क्रमांक टाक. भाऊ, सगळ्यांचे बघितले, तुझा राहिला. सांगलीच्या मुलानं तर रोज लिहिलं होतं. एकदा लिहिलं होतं, भाऊ, तुझं खरं नाव तरी सांग, मी पूर्ण यादी शोधून काढतो. काल सकाळचं शेवटचं होतं, भाऊ, आज शेवटचा दिवस, कुठं आहेस? ज्यांना मी कधी पाहिलं नाही, ती पोरं मला शोधत होती आणि मला शोधायला त्यांच्या हाती काहीच नव्हतं. ते वाचताना मला पहिल्यांदा कळलं की मोकळी असणं आणि कुणालाच न सापडणं यांत फार अंतर नसतं.

तेवढ्यात माझ्या नावापुढे हिरवा ठिपका दिसून सांगलीच्या मुलानं तिथल्या तिथं लिहिलं, भाऊ, तू ऑनलाइन? कुठं होतास? लागला का नंबर? अक्षरं माझ्या डोळ्यांसमोर उमटत होती. तो त्या क्षणी कुठंतरी बसून थांबला होता. आठवडाभरानं नव्हे, आत्ता. दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं, काय लिहू म्हणून. मी बाच्या तोंडाकडे पाहिलं. दुकानदारानं मजकूर बाला वाचून दाखवला.

बा म्हणाला, "लिवा सायब, लागला म्हणून. खोटं थोडंच हाय? लेकरू कवाचं वाट बघून राहिलं."

त्यानं लिहिलं. आम्ही उठलो. दुकानदार म्हणाला की तरी नांदेडला जाऊन बघा, एखादा भला माणूस भेटला तर. त्याच्या आवाजात आशा नव्हती, पण बाच्या चालण्यात आली. एसटीत त्यानं मला खिडकीशी बसवलं.

नांदेडला भला माणूसच भेटला. कॉलेजच्या खिडकीवरच्या क्लार्कनं आत बोलावलं, बसवलं, पाणी दिलं, कुठं कुठं फोन लावले. जागा रात्रीच परत गेली होती, पुढच्या फेरीत दुसऱ्याला जाणार होती, आणि जो हजर झाला नाही तो पुढच्या फेऱ्यांतून बाद. कालपर्यंत का नाही आलात, असं त्यानं विचारलं, रागानं नव्हे. बा म्हणाला, सायब, तीज होती. क्लार्कनं विचारलं, तीज म्हणजे? आणि बा सांगायला लागला. काळी माती कुठली आणायची, गहू कसा भिजवायचा, टोपली उन्हात का ठेवायची नाही, पोरी कुठली गाणी म्हणतात. क्लार्क मान हलवत होता. बा सांगतच राहिला. त्याला वाटत असावं की या माणसाला तीज नीट समजली तर तो जागा परत देईल. मी त्याचा हात धरला तेव्हा तो थांबला. पटक्यातल्या गव्हानं तोपर्यंत मान टाकली होती.

येताना एसटीत तो एकच वाक्य बोलला, की पाहुण्यांना काय सांगू. पुढच्या वर्षी पुन्हा फॉर्म भरता आला असता, असं मला नंतर कितीतरी शहाण्यांनी सांगितलं. त्यांनी नायकासमोर शब्द दिला नव्हता. पाहुणे म्हणाले, नंबर लागला असेल, पण पोरगी तर घरीच आहे ना. बानं दिलेला शब्द पाळला. दिवाळीनंतर मी वाशीमकडे गेले. तिथं बाहेरून बी.ए. केलं, पुढे पुस्तकंही लिहिली. लोक म्हणतात, बघ, वाया काही जात नाही. जातं. माझ्या सासरच्या वस्तीवर डीपी जळाला की अजून बाहेरून माणूस येतो, आणि हात बांधून उभ्या राहिलेल्यांत मी असते.

पण त्या तिजेनंतरचा पहिला बाजार सांगायचा राहिला. त्या सकाळी माझ्याकडे द्यायला कागद नव्हता. बा तरीही पिशवी घेऊन गेला. संध्याकाळी आला, टॉवेल सोडला, आत नेहमीपेक्षा जाड गठ्ठा होता. दुकानदारानं सगळं छापून दिलं होतं. मी बघितलं आणि बाजूला ठेवलं. बानं पटका काढला, माझ्यासमोर मांडी घालून बसला. पटक्यातला गहू गळून गेला होता.

"वाच," तो म्हणाला.

मी म्हटलं, यात काही नाही, बा. नुसत्या शुभेच्छा आहेत.

"त्याच वाच."

भाऊ, अभिनंदन. भाऊ, आम्हाला माहीत होतं. भाऊ, इलेक्ट्रिकलवाल्यांना जात्यावर शिकव आता. जळगावच्या मुलीनं लिहिलं होतं की तिचाही लागला, आणि भाऊमुळे लागला. सांगलीच्या मुलानं विचारलं होतं, होस्टेल मिळालं का, पत्ता कळव, एकदा भेटायला येतो. बा प्रत्येक ओळीला मान हलवत होता, आणि कुठं थांबले की पुढं म्हणायचा. याडी चुलीकडे तोंड करून बसली होती. मी शेवटच्या पानापर्यंत सगळं वाचलं.